घरच्या बांयतला गणपती

सातव्या दिवशी संध्याकाळी बाबली गावसने घरच्या बांयच्या, विहिरीच्या, कठड्यातले चार चिरे काढले. देवाला कठड्यावरून उचलून पलीकडे टाकायचं नाही, त्याला चालत गेल्यासारखी वाट करून द्यायची, ही गावसांच्या घरची रीत. आज्याने केलं, वडिलांनी केलं. बाबलीने पहारीने चिरे सैल केले, एकेक करून बाजूला रचले, लोखंडी जाळीची कडी काढली आणि मातीचा गणपती छातीशी धरून विहिरीच्या आतल्या पायरीवर नेऊन ठेवला. पाणी देवाच्या कमरेपर्यंत आलं. काठावर पोटाशी हात धरून उभ्या असलेल्या सुनेकडे, गौरवीकडे बघून बाबलीची बायको गंगा आधी रडली आणि मग हसली.

खरं तर हे करायचं नव्हतं. बांय आता एकट्या गावसांची राहिली नव्हती. दहा वर्षांमागे व्हाळवाड्यात नळयोजना आली तेव्हा बाबलीनेच ती वाड्याला देऊन टाकली. पंप बसला, माळावर टाकी उभी राहिली, बेचाळीस घरांना नळाचं पाणी मिळालं, कोणाला घरात, कोणाला वाटेवरच्या सामाईक नळावर, आणि पंप चालवायला नि पाण्यात जंतू मारायची पावडर घालायला बाबलीलाच ठेवलं. तेव्हापासून गावसांचा गणपती चारचौघांसारखा वाहत्या व्हाळात जाऊ लागला. पण यंदा गंगा हट्टालाच पेटली. मुलगा रुद्रेश बोटीवर, गौरवीला आठवा लागलेला, आणि त्याआधी दोनदा तिची कूस रिकामी झालेली.

“बांय दिली त्या वर्सापासून आपल्या घरात पाळणो हलूक नाय,” गंगा म्हणाली. “देवाक भायर सोडून येतास, आनी घरात लेकरू मागतास?”

पंप चालू-बंद करण्यात बाबलीची अक्कल पक्की होती, बायकोला गप्प करण्यात कधीच नव्हती. तो पाणी समितीच्या सुदेशकडे गेला. सुदेश वाड्याचा पुढारी. बांयच्या वरच्या उतारावर त्याच्या भाड्याच्या सहा खोल्या, त्यांत बेळगावकडची बांधकामावरची माणसं राहायची. सुदेशला त्या दिवशी भजनाची घाई होती.

“तुमचीच बांय, तुमचोच देव, बाबलीकाका. एक वर्स काय जाता?” असं म्हणून तो टाळ घेऊन निघूनसुद्धा गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबली रोजच्यासारखा बालदी घेऊन बांयवर आला. बालदीत पावडर कालवायची, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी दोरीने विहिरीत सोडून हिसके देत खालीवर करायचं. दहा वर्षांत हे त्याच्या खांद्यांत मुरलेलं. पण आज वाकून बघतो तर देव अजून बसलेला. हात विरघळले होते, पण सोंड शाबूत होती, आणि कपाळावरचं लाल गंधही. बाबलीच्या हातात बालदी तशीच राहिली. पावडरीच्या उग्र वासाने त्याचेच डोळे चुरचुरत होते. देवाच्या अंगावर हे ओतायचं?

“माका नाय जमूचा,” तो स्वतःशीच म्हणाला आणि बालदी त्याने व्हाळाकाठच्या चिखलात रिकामी केली.

पंप मात्र चालू केला. चवथीचे दिवस, घराघरांत पाहुणे, पाणी बंद ठेवलं असतं तर बायकांनी त्याचंच विसर्जन केलं असतं. पंपाच्या वहीत त्याने रोजच्या सवयीने ‘पावडर घातली’ असं लिहिलं आणि सही केली. त्या दिवशी पाऊस कोसळला तो तीन दिवस कोसळतच राहिला. या तीन दिवसांत बाबली रोज वाकून बघायचा आणि देव अजून थोडा उरलेला दिसायचा.

चौथ्या दिवशी उघडीप झाली. पायरीवर आता फक्त मातीचा उंचवटा होता. बाबलीने देवाला हात जोडले, चिरे परत लावायला घेतले आणि हातातला चिरा तसाच खाली ठेवला. कठड्यातल्या वाटेपुढची जमीन धुपून घळ पडली होती. वरच्या उतारावरून गोठ्याशेजारून, सुदेशच्या खोल्यांच्या संडासाच्या फुटक्या टाकीला वळसा घालून ओहोळ खाली उतरला होता आणि बाबलीनेच काढून दिलेल्या वाटेने सरळ बांयत गेला होता. चिऱ्यांच्या फटीत शेण आणि गवताच्या काड्या अडकलेल्या. त्याने बोटाने एक काडी काढली, हुंगली, आणि हात चड्डीला पुसला. मग पुसला म्हणून परत धुतला.

‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती’ ही म्हण दुसऱ्याच्या बाबतीत म्हणताना फार गोड लागते. बाबलीने घाईघाईने घळीत माती लोटली, चिरे बसवले, सिमेंट थापलं आणि इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. पंपाच्या खोपीतून त्याने पावडरीची गोणी ओढली. पावसाळी दमटाने पावडरीचे खडे झाले होते, वासही उतरलेला. ते खडे फोडून त्याने दुप्पट पावडर कालवली आणि बालदीमागून बालदी विहिरीत हिसकत राहिला. आता सगळं ठीक होईल, असं तो दर बालदीला म्हणत होता.

घरी आला तर दारात अनुसया उभी. सुदेशच्या खोलीत राहणारी, नवऱ्याबरोबर बांधकामावर जाणारी बाई. तिचे केस विस्कटलेले होते.

“काकी हैत का वो? आमच्या राणीला रातीपास्नं उलटी नि ढाळ लागल्यात. डोळं पांढरं करती बघा. जरा चला की.”

गंगा साखर-मीठ घेऊन धावली. मागोमाग गौरवीही पोट सावरत गेली. बाबली अंगणातच थांबला. पोरं माती खातात, चवथीचं शिळंपाकं खातात, काहीही असेल, असं त्याने मनाला सांगितलं. दुपारपर्यंत खोल्यांतली आणखी तीन माणसं आडवी झाली. संध्याकाळी राणीला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. सहा वर्षांच्या पोरीची मान अनुसयाच्या खांद्यावरून लोंबत होती. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत बाबली बघत राहिला आणि त्या रात्री जेवला नाही.

पुढच्या सकाळी आरोग्य केंद्रातली नर्स सुविधा स्कूटरवरून येणार असा सुदेशचा फोन आला. बाबली अंधारातच उठला. होती नव्हती ती पावडर त्याने बांयत ओतली. सुविधा आली, बांयजवळच्या पहिल्या नळाचं पाणी तिने काचेच्या नळीत धरलं आणि त्यात बाटलीतले थेंब टाकले. पाणी पिवळंजर्द झालं.

“पावडर बरीच आसा की,” ती म्हणाली. “थोडी ज्यास्तच.”

“बाबलीकाका ह्या बाबतीत एकदम कडक,” सुदेशने बाबलीच्या पाठीवर थाप मारली. “पाणी आमचा बरा आसा. ह्या भायल्यांचीच सवय वायट. हात धुवचे नाय, भांडी उघडी टाकतात. आमच्या एकाक तरी जाला काय?”

आपला तो बाब्या. बाबलीने मान हलवली. हलवली म्हणजे काय, ती आपोआपच हलली. अनुसयाचा नवरा बाजूला उभा राहून सगळं ऐकत होता. तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला.

सुविधाने खोल्यांतल्या लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं, पणजीला पाठवायला एक बाटली भरून घेतली आणि थेंबांची एक छोटी बाटली बाबलीच्या हातात दिली. रोज शेवटच्या नळावर बघत चला, म्हणाली. स्कूटरला किक मारता मारता तिने विचारलं, “वाड्यात पोटुशी कोण आसा?”

“आमची सून,” बाबली म्हणाला.

“मग तिका जपा. ढाळ आज दिसतात, उद्या बरे जातात. पण घाण पाण्यातून कावीळ येता ती लपून येता. पंधरा दिसांनी, म्हयन्यान, चाळीस दिसांनीसुद्धा. पोटुश्या बायलेक ती कावीळ जाली तर कधीकधी आई नि लेकरू दोगांय जातात.” मग त्याचा चेहरा बघून ती हसली. “तुमचा पाणी बरा आसा हो. मी आपला सांगान ठेवलंय.”

संध्याकाळी बाबली शेवटच्या नळावर गेला, खोल्यांच्या मागे. काचेच्या कोपात पाणी धरलं, थेंब टाकले, हलवलं. पाणी पांढरंच राहिलं. त्याने आणखी थेंब टाकले, कोप उजेडात धरला. पांढरंच. सकाळची सगळी पावडर तळच्या शेणामातीने खाऊन टाकली होती, आणि गोणी संपलेली. नवी मिळायची तर सुदेशला सांगायला हवं, आणि सुदेश विचारणार, महिन्याची गोणी दोन दिवसांत कशी संपली?

सांगायचं तर काय सांगायचं? देव बांयत होता म्हणून तीन दिवस पावडर घातली नाही? गावसांच्या गणपतीने वाड्याचं पाणी नासवलं, असं बेचाळीस घरं बोलतील. तेही तो सोसेल. पण गंगा? नातवासाठी म्हणून तिने देव घरच्या पाण्यात पोचवला, आणि तेच पाणी सुनेच्या पोटात चाललंय हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? बाबली नळापाशी उकिडवा बसला. पंप बंद करावा असं वाटलं, पण पंप बंद केला की का हा प्रश्न आलाच. त्याने कोप पालथा केला.

दुसऱ्या दिवशी तो पेडण्याच्या बाजारात गेला आणि विकतच्या पाण्याचा वीस लिटरचा जार खांद्यावर घालून आला. बसथांब्यापासून घरापर्यंत चढ. वाटेत दोघांनी विचारलं, बाबली, नळवालो तू आनी जार कोणाक रे? पाहुण्यांक, असं पुटपुटून तो पुढे झाला. मान भरून आली होती. खांद्यावरचं ओझं त्याला जड वाटत नव्हतं, लोकांच्या नजरा वाटत होत्या.

“रुद्रेशान फोन केल्लो,” त्याने गौरवीला सांगितलं. “तुका ह्याच पाणी दी म्हणालो. दुसरा पिव नको.”

गौरवी हसली. “बोटीर बसून ह्येंका काय काय सुचता.”

“पिव नको म्हटलंय ना!” बाबली ओरडला. आजवर तो सुनेवर कधी ओरडला नव्हता. गौरवी चपापली आणि बरं म्हणाली.

मग तीन दिवस बाबलीने एकच काम केलं. पहाटे पंप सुरू करायचा, नळाशी रांग लागलेली बघायची आणि तोंड फिरवायचं. लेकुरवाळ्या बायका यायच्या, म्हातारा नारायण कळशी घेऊन यायचा. नारायणच्या घरी दोघं झोपलेत असं कळलं. मग वरच्या आळीत एक. ‘चवथीचं गोडधोड बाधलं’ असं लोक म्हणत होते आणि बाबलीही म्हणत होता, सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात. खोपीत बसला की त्याला राणीची लोंबती मान दिसायची. घरी आला की तो गौरवीच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसतो का ते बघायचा. जेवताना बघायचा, ती केस विंचरताना बघायचा. ती पदर सावरून उठून जायची, आणि म्हातारपणी सासऱ्याला झालंय तरी काय, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर दिसायचा. ते बघून बाबलीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण जार आत स्वयंपाकघरात आहे ना, ती तेच पाणी पितेय ना, एवढ्यावर तो तग धरून होता. आत जाऊन त्याने कधी बघितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याने दुसरा जार आणला. उन्हाचा चढ चढून धापा टाकत तो सुदेशच्या खोल्यांवरून येत होता. अनुसयाच्या खोलीचं दार उघडं होतं. राणीला इस्पितळातून घरी सोडलं होतं. ती भिंतीला टेकून बसलेली, गालफडं बसलेली, हातात उंड्याचा, पावाचा तुकडा. तिच्या शेजारी पाट होता आणि पाटावर निळा जार. आदल्या जाराच्या बुचावर दुकानदाराने लाल खडूने केलेली फुली बाबलीला दारातूनच दिसली.

“ह्यो खंयसून हाडलास?” त्याचा आवाज त्याचाच त्याला ओळखू आला नाही.

अनुसया उठून उभी राहिली. “गौरवीताईनं दिलाय की. आमचा ग्यास संपलाय, पाणी कशावर उकळू म्हटलं, तर त्याच दिवशी आणून दिल्या. डोक्यावरनं न्हाई, कडेला धरून आणल्या, आठवा म्हैना आसून. पोरगी ह्याच पाण्यानं उठून बसली बघा. देव भलं करू द्या तिचं.”

बाबलीने खांद्यावरचा जार तिथंच उंबऱ्यावर ठेवला. ठेवला की टाकला ते त्याला कळलं नाही. तो पळत घरी आला. पासष्टाव्या वर्षी तो असा पळताना बघून कुत्रीसुद्धा भुंकायला विसरली.

गौरवी स्वयंपाकघरात खिडकीपाशी उभी होती. हातात कोप, नळाखाली धरलेला. अर्धा पिऊन झाला होता. बाबलीने तो तिच्या हातातून हिसकावला. काच ओट्यावर फुटली.

“तू ह्या पाणी पितंस? कधीपासून?”

“रोजच पितंय,” गौरवी घाबरून म्हणाली. “जार मी अनुसयाच्या पोरीक दिलंय. ती आजारी, तिका होया. मी काय आजारी आसंय? मी बरी आसंय, माका नळाचा चलता.” मग त्याच्या डोळ्यांत पाणी बघून तिचा आवाज बदलला. “बाबा, काय जाला? नळाच्या पाण्याक काय जाला?”

गंगा माजघरातून आली. दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. बाबलीने ओट्याचा आधार घेतला आणि सगळं सांगितलं. चार चिरे, रिकामी केलेली बालदी, ओहोळ, शेणाची काडी, पहाटे ओतलेली पावडर, पांढरं राहिलेलं पाणी, सुविधाने सांगितलेली कावीळ. सांगताना त्याला वाटत होतं की गंगा आता ओरडेल. ती ओरडली नाही. ती होती तिथंच खाली बसली आणि काचा हातांनीच गोळा करू लागली.

“म्हणजे तुमका ठावक होता,” गौरवी म्हणाली. “जार हाडलास तेव्हा ठावक होता.”

“होता.”

“मगे माका कित्याक नाय सांगलास?” तिचा हात पोटावर गेला. “एवढा सांगूचा होता, बाबा. पाणी वायट आसा, एवढाच. मी त्या पोरीक जार दिलो आसतो, आनी माका उकडून घेतला आसता. आमच्या घरात ग्यास आसा.”

बाबली बाहेर पडला. खोपीत जाऊन त्याने पंपाचा खटका पाडला आणि टाकीची चावी फिरवून बंद केली. मग पहिल्या नळापासून सुरुवात केली. नळाशी नारायण कळशी लावून उभा होता, बारीक झालेल्या धारेकडे बघत.

“ओत ता,” बाबली म्हणाला. “पिव नको. पाणी घाण आसा. माझी चूक. मी पावडर घालूक नाय, देव बांयत होतो म्हणान.”

बाबली पुढच्या घरी गेला, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक दारात तेच. काहींनी शिव्या घातल्या. एकीने भरलेली बालदी त्याच्या पायांवर ओतली. ते थंड पाणी पायांवरून गेलं तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. बातमी त्याच्यापुढे पळत होती. सुदेश मोटारसायकलवरून आला.

“काका, गप रवा. आपण समितीत बसून बोलूया. पणजीचो रिपोर्ट येवने, मागीर काय ता बघूया.”

“माका रिपोर्ट नको. माका ठावक आसा,” बाबली म्हणाला. “आनी तुझी संडासाची टाकी फुटून बांयत येता, ता पण मी सगळ्यांक सांगतंय.”

सुदेशने मोटारसायकल बंद केली.

सगळ्यात शेवटी बाबली खोल्यांकडे आला. अनुसया दारातच होती. तिला कळलं होतं. उंबऱ्यावरचा जार अजून तिथंच होता, तिने त्याला हात लावला नव्हता.

“आमी हात धूत न्हाई म्हनलासा,” ती म्हणाली. “मान हालवलासा तुमी. माझ्या मालकानं बघितलं.”

“होय,” बाबली म्हणाला.

“ह्यो जार घेऊन जावा. पोरगी आता बरी हाय. गौरवीताईला द्या.”

तो जार घेऊन घरी आला तेव्हा गंगा ओट्याशी पाणी उकळत होती. सगळी भांडी चुलीवर आणि गॅसवर चढवलेली, घरभर वाफ. गौरवी सोप्यावर बसून फोनवर सुविधाशी बोलत होती. तिने फक्त हो, बरं, हो म्हटलं. फोन ठेवून ती बोटांवर दिवस मोजत राहिली.

“रगत दुसऱ्या आठवड्यात तपासतले,” ती शेवटी म्हणाली. “तवसर औषध काय नाय. वाट बघूची. आज शेवटचा प्यालंय तिथून चाळीस दीस धरा, म्हणाली. म्हणजे दिवाळी येता.”

गंगाचा डाव भांड्यात थांबला. गौरवीचे दिवसही दिवाळीलाच भरत होते. घरात तिघांनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबली नव्या गोणीसाठी आणि बांय उपसायला माणसं आणण्यासाठी निघाला. टँकर सांगितला होता, तो यायचा होता. अंगणातून जाताना त्याला हाक आली. गौरवी पायरीवर उभी होती, उजेडाकडे तोंड करून. तिने बोटाने एका डोळ्याची खालची पापणी ओढून धरली.

“बघा, बाबा,” ती म्हणाली. “चोरून बघू नकात. रोज सकाळी असा बघा.”

बाबली जवळ गेला. त्याने डोळे पुसले, नीट बघितलं, मग दुसरा डोळाही बघितला.

“आज नाय,” तो म्हणाला.